साप, वाटी आणि पोटवाला

चेंडू बॅटीवरून सुटलाय. सरळ माझ्याकडे.

त्याला तिथेच ठेवा. हवेत. बॅट आणि माझा हात यांच्यात सात पावलं आहेत, आणि सात पावलं यायला चेंडूला पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही. पण मी चार वर्षं थांबलोय. तो एवढं थांबेल. मला आधी बोलायचंय.

मैदानात मला बोलायची मुभा नव्हती. झेल घेतल्यावर अंपायरकडे बघून जे ओरडायचं असतं, तेसुद्धा नाही. मी झेलायचं, क्लबाच्या मेंबरांनी ओरडायचं, आणि मग एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या. माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही. घामेजलेली असायची, म्हणून असेल.

आज बोलणार. चेंडू हवेत असेपर्यंत मला कोण अडवतो बघू.

*

मी राहतो भोईवाड्यात. काम शिवडीच्या बंदरावर, कौलं उतरवायचं.

मंगलोरी कौलांनी भरलेले पडाव धक्क्याला लागले की पडावापासून बैलगाडीपर्यंत माणसांची रांग लागते. पहिला फेकतो, दुसरा झेलतो आणि त्याच झोक्यात उजवीकडच्याला देतो. एकावर एक दोन कौलं. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. येणारं कौल अडवायचं नसतं. अडवलं की फुटलं. ते येतंय तसं त्याच्याबरोबर मागे जायचं, हात घेऊन, खांदा घेऊन, कमरेतून थोडं वळून. आपल्याला कुणी पकडलं हे त्याला कळताच कामा नये. आवाज आला की समजायचं चुकलं. आवाजापाठोपाठ मुकादमाची शिवी येते.

चार वर्षांपूर्वी गिरगावचे जयवंतराव मानकर आपल्या नव्या घरासाठी कौलं बघायला बंदरावर आले. हातात छत्री, पायात चकचकीत बूट. कौलं बघायची सोडून आमची रांगच बघत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि काही न बोलता खिशातून लाल चेंडू काढून चार हातांवरून माझ्या छातीवर फेकला.

मी मान वर केली नाही. झेलला आणि त्याच झोक्यात उजवीकडे कुशाबाला दिला. कुशाबाच्या हातात आधीच दोन कौलं. चेंडू त्याच्या पोटावर आपटून चिखलात गेला.

"काय फेकलंस रे मेल्या?" कुशाबा ओरडला. "डाळिंब होतं काय?"

जयवंतराव इतके हसले की छत्री मिटली त्यांची.

"रविवारी मैदानावर ये," मला म्हणाले. "आठ आणे देईन."

*

(चेंडू एक पाऊल पुढे आला. शिवण दिसतेय.)

*

त्यांच्या क्लबाचं नाव अरुणोदय. वकील, डॉक्टर, कॉलेजात जाणारे, सरकारी हापिसातले. सगळ्यांना बॅट हवी असते. बॅट फिरवून आले की त्यांचे पाय दुखू लागतात. हे मी पहिल्याच रविवारी शिकलो. पन्नास रन पळून काढलेला माणूस समोरच्यांचा डाव सुरू व्हायच्या आत लंगडत तंबूत जायचा, सोडा-लेमनची बाटली घेऊन खुर्चीत बसायचा, आणि जयवंतराव समोरच्या कप्तानाला सांगायचे, "आमच्या वकिलांच्या पायाला दुखापत झालीय, त्यांच्याऐवजी हा उभा राहील."

हा म्हणजे मी. अनवाणी, गुडघ्यापर्यंत धोतर.

मला पॉइंटला उभं करायचे. बॅटवाल्याच्या उजव्या अंगाला, तोंडासमोर. मेंबरांपैकी तिथे कुणी राजीखुशीनं जात नसे, कारण तिथे चेंडू येतो तो विचारून येत नाही. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली. रांगेत उभं राहिल्यासारखं वाटायचं. फक्त रांगेत मी एकटाच.

पहिल्या वर्षी एकतीस झेल घेतले. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, ती त्या वकिलाच्या ऐवजी. अंगठ्याचं नख दोनदा गेलं, दोन्ही वेळा एकाच डॉक्टराच्या ऐवजी, आणि दोन्ही वेळा तो डॉक्टर तंबूत बसून बघत होता. एकदा म्हणाला, "पाण्यात धर." तेवढं औषध.

असो. नाही, असो कशाला? असो म्हणत म्हणतच चार वर्षं गेली.

*

आता पुस्तकाचं सांगतो.

झाडाखाली टेबल मांडून क्लबाचे चिंतोपंत मास्तर बसायचे. गिरगावात शाळेत शिकवतात. मैदानात जे घडेल ते सगळं एका लांबट पुस्तकात इंग्रजीत लिहायचं, हे त्यांचं काम. कोण आउट झाला, कुणी टाकलेल्या चेंडूवर, आणि झेल असेल तर कुणी घेतला. जयवंतराव म्हणायचे, आपण सगळे मरून जाऊ, हे पुस्तक राहील.

पहिल्या मॅचनंतर मी टेबलाशी गेलो.

"मास्तर, माझं कुठे लिहिलंत?"

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. बोट ठेवलं. "हे. हे तुझं."

तीन अक्षरं होती. पहिलं सापासारखं, वळवळणारं. दुसरी वाटी. तिसरा एक उभा माणूस, पोट सुटलेला.

"एवढंच?"

"इंग्रजीत थोडक्यात लिहितात."

मला वाचता येत नाही. पण डोळे चांगले आहेत, ती तीन अक्षरं एकदा बघितली ती बसली. घरी आलो आणि चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर काढली, देवाच्या फळीशेजारी.

"काय हो हे?" सुभद्रेनं विचारलं. माझी बायको. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"माझं नाव. इंग्रजीत."

ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "हा साप. ही वाटी. आणि हा पोटवाला कोण? मुकादम?"

"मीच सगळा."

"तुमाला कुठलं एवढं पोट," ती म्हणाली. पण पुढच्या खंडेनवमीला तिनं कोयता पुजला, पाटा-वरवंटा पुजला, आणि उठून भिंतीवरच्या त्या तीन अक्षरांना हळद-कुंकू लावलं. हत्यारांना लावतात तसं. चाळीतल्या बायकांना बोलावून दाखवलं, "ह्यांचं नाव साहेबांच्या पुस्तकात हाय." दर मॅचनंतर मी मास्तरांच्या टेबलाशी जायचो, पानावरून नजर फिरवायचो, साप-वाटी-पोटवाला मोजायचो आणि घरी येऊन तिला सांगायचो. आज चार ठिकाणी. आज दोन.

*

(पाच पावलं उरली. चेंडू मोठा होतोय.)

*

दुसऱ्या वर्षी मैदानावर सगळ्यांना माझे हात माहीत झाले. आणि तेव्हा मला तो कायदा कळला.

कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या साहेबांच्या एका क्लबाशी मॅच होती. त्यांचा कप्तान तांबड्या दाढीचा. आमचा कुणीतरी लंगडला, जयवंतरावांनी मला पुढे केलं, मी पॉइंटकडे चालायला लागलो. तांबड्या दाढीवाला हसला. जयवंतरावांशी इंग्रजीत काही बोलला आणि बॅट उचलून लांब दाखवली. पार तिकडे, हद्दीवर, बाभळीखाली.

"लहू, तू तिकडे जा," जयवंतराव म्हणाले.

"का?"

"कायदा आहे. दुसऱ्याच्या ऐवजी आलेला माणूस कुठे उभा राहील ते समोरच्यांच्या संमतीनं ठरतं."

मी ऐकून घेतलं. पुन्हा सांगतो, कारण मला अजून पटलेलं नाही. हात माझे. बोटं माझी मोडलेली. आणि मी कुठे उभं राहायचं ते ठरवणार ज्याला मी आउट करणार तो! चोराला विचारून राखणदार बसवतात काय कुठे? आणि आमचा कप्तान काय म्हणाला? "ऑलराइट."

त्या दिवसापासून प्रत्येक टीमनं तेच केलं. पारशी असोत, साहेब असोत, आपलेच असोत. मला बघितलं की लांब बोट दाखवायचे. मुंबईतला सगळ्यात चांगला पॉइंटवाला बाभळीखाली उभा राहून काटे तुडवत लांब गेलेले चेंडू आणून द्यायचा. वर्षाला एकतीसचे चार झेल झाले.

डॉक्टर म्हणाला, "लहू, हल्ली तुझे हात मंदावले रे."

त्याच्या नरड्याला हात घालावासा वाटला. चेंडू आणून दिला.

*

आणि गेल्या वर्षी, दिवाळीनंतर.

दोन मेंबर एकदम लंगडले, म्हणून माझ्याबरोबर परळच्या एका गिरणीतला धर्मा म्हणून कुणी आणला होता. त्यानं एक झेल घेतला, साधा, पोटावर. मॅच संपल्यावर मी नेहमीसारखा टेबलाशी गेलो. माझा एकही झेल नव्हता त्या दिवशी, नुसतं बघायला. पानावर साप, वाटी, पोटवाला.

"मास्तर, हे चुकलं. आज मी झेल घेतला नाही. हा धर्माचा."

"धर्माचाच आहे तो."

"मग माझं नाव का लिहिलंत?"

मास्तरांचा चेहरा बघायला हवा होता. टाक दौतीत घातला, काढला, पुन्हा घातला.

"अरे, ते नाव नाही. ते… 'सब'. त्याचा अर्थ बदली. गिरणीत असतात ना बदली, तसं. ऐवजी उभा राहिलेल्याचं नाव लिहायची पद्धत नाही."

"तुम्ही म्हणालात, हे माझं."

"तुझं म्हणालो. तुझं नाव म्हणालो नाही."

बदली. भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दारात बसून राहतात, आत कोण आला नाही त्याची वाट बघत. ते बदली. त्यांना तरी आत गेल्यावर मुकादम नावानं हाक मारतो.

चार दसरे कुंकू लावलं तिनं. चार दसरे.

मी जयवंतरावांकडे गेलो. तंबूत सगळे बसले होते. म्हटलं, "मला अकरात घ्या. बदली नको. माझं नाव लिहा आणि मला पॉइंटला उभं करा. आठ आणेही नकोत."

सगळा तंबू हसला.

"अकरात मेंबर असतात, लहू," जयवंतराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि मेंबर व्हायला कमिटी असते."

"कमिटीला विचारा."

"कमिटी हीच की रे!" वकील म्हणाला, आणि सगळ्यांकडे हात फिरवला.

घरी जाऊन सुभद्रेला काही सांगितलं नाही. भिंतीकडे पाठ करून जेवलो.

*

(चार.)

*

मग गाठीचा ताप पसरला, प्लेग.

पहिल्यांदा मांडवीत, मग सगळीकडे. ज्याला गाव होतं तो गावी गेला, ज्याला नव्हतं तो पाहुण्यांकडे. बंदरावर आमची रांग निम्मी झाली. एकेकाला दोन माणसांएवढं अंतर पेलावं लागायचं. जानेवारीत चुन्याच्या बादल्या घेऊन म्युन्सिपालटीची माणसं चाळीत आली आणि खोली-खोलीला चुना मारून गेली. भिंती, फळी, कोनाडे, सगळं.

मी कामावरून आलो तर सुभद्रा भिंतीपुढे बसलेली.

"तुमचं नाव गेलं," ती म्हणाली. "मी म्हटलं त्यांना, एवढं सोडा, तर ऐकलं नाय मेल्यांनी."

तेव्हा सांगितलं. "ते माझं नव्हतं."

सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. त्या पांढऱ्या भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे वळली.

"मग कुंकू कुणाला लावलं मी?"



*

आठ दिवसांनी जयवंतराव भोईवाड्यात आले. स्वतः. नाकावर कापराचा रुमाल, दारापासून चार हात लांब. आमच्या ओसरीवर पाय ठेवला नाही.

"लहू, मेंबर सगळे पळाले. अलिबाग, पनवेल, नाशिक. दहाच उरलेत. आणि कोटातल्या साहेबांशी मॅच ठरलीय, परळच्या मैदानावर. मोडली तर म्हणतील, नेटिव घाबरले. तू अकरात ये."

"बदली नाही?"

"नाही. अकरातला."

"पॉइंट?"

"पॉइंट. अकरातल्या माणसाला कुणी हलवू शकत नाही."

"नाव लिहाल?"

"लिहू ना."

सुभद्रा दाराच्या आडून म्हणाली, "कुठलं लिहाल?"

जयवंतरावांनी रुमाल सारखा केला. "बाई, नाव म्हणजे नाव," म्हणाले आणि निघाले. ती तेव्हाच मला म्हणाली, "ह्यात काहीतरी हाय." मी तिच्यावर खेकसलो. मला पॉइंट दिसत होता.

*

ते काय होतं ते आज सकाळी कळलं. मैदानावर पोचलो तर चिंतोपंतांनी कपड्यांचं गाठोडं पुढे केलं. फ्लॅनेलची पँट, सदरा, टोपी, बूट.

"हे वसंतराव धैर्यवानांचे. आज तू वसंतराव."

"आणि वसंतराव?"

"अलिबागेला."

"धैर्यवान पळाले होय?"

मास्तरांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. अकरा जणांची यादी आठवड्यापूर्वीच साहेबांकडे गेली होती. वसंतराव धैर्यवान, मेंबर. तो कालच्या बोटीनं गेला की यादी जाण्याआधीच गेला होता, हे मी विचारलं नाही. जयवंतराव मागून आले.

"हे बघ. मेंबरांची मॅच आहे. हमाल अकरात घेतला असं साहेबांना कळलं तर ते खेळणार नाहीत, पुढे कधी बोलावणार नाहीत. तुला पॉइंट हवा होता ना? पॉइंट तुझा. आजच नाही, दर रविवारी. वसंतराव काही लवकर येत नाहीत. नावात काय एवढं?"

"नावात काही नाही तर माझं लिहा."

"लहू."

एवढंच म्हणाले. माझं नाव. तेव्हा बरं आठवलं.

आणि मी काय केलं? बूट घातले. दर रविवारी पॉइंट, एवढंच डोक्यात राहिलं. सगळ्यांवरचा राग सांगतोय, तर हा माझ्यावरचाही सांगतो. मी बूट घातले. ते मोठे होते. पुढे चिंधी कोंबली.

आमचे शहाण्णव रन झाले. शेवटी मला बॅट मिळाली, आयुष्यात पहिल्यांदा. पाच रन काढले. चिंतोपंतांच्या टेबलाजवळून जाताना पानाकडे बघितलं, साप-वाटी-पोटवाला नव्हता. दुसरंच काहीतरी होतं, लांबलचक. ते धैर्यवानांचं.

मग साहेबांचा डाव. दिवसभर पॉइंटला उभा राहिलो. टोपी डोळ्यांवर, पायात बूट. साहेब मला ओळखेनात. तीन वर्षं ज्याला बाभळीखाली धाडलं तो पँट घालून सात पावलांवर उभा होता आणि एकालाही ओळखू आला नाही. एकही चेंडू सोडला नाही. नऊ आउट. चौऱ्याण्णव रन. त्यांना तीन हवेत, आम्हाला एक माणूस.

बॅट तांबड्या दाढीवाल्याच्या हातात.

त्यानं जोरात मारलाय.

*

सोडा आता चेंडूला.

*

आला. मी त्याच्याबरोबर मागे गेलो. हात, खांदा, कंबर. आवाज झाला नाही. चेंडूला कळलंसुद्धा नाही. आणि त्याच झोक्यात, न बघता, उजवीकडे दिला. तिथे वकील उभा होता, त्याच्या हातात जाऊन बसला.

मेंबर ओरडले. अंपायरनं बोट वर केलं. जयवंतरावांनी टोपी उडवली.

तांबड्या दाढीवाला हलला नाही.

तो माझ्याकडे बघत होता. तोंडाकडे नाही, हातांकडे. मग उजवीकडे, वकिलाच्या हातातल्या चेंडूकडे. मग पुन्हा माझ्या हातांकडे. झेलून उजवीकडे देणारा माणूस मुंबईत एकच होता आणि तो त्यानं स्वतः बाभळीखाली उभा केला होता. चार वर्षं माझं तोंड लक्षात राहिलं नाही त्याच्या. हात राहिले.

"ये तो वो कूली है," तो म्हणाला. "हमने इसको पॉइंट नहीं दिया."

"नो, नो!" जयवंतराव धावत आले. "मिस्टर धैर्यवान. अवर मेंबर."

अंपायर एक म्हातारा पारशी होता. त्यानं बोट खाली घेतलं. खिशातून यादी काढली, लांब धरून वाचली, माझ्या बुटांकडे बघितलं. चिंधीचं टोक बाहेर आलं होतं.

"ए बाबा," तो म्हणाला, तसा प्रेमानंच, "तू तुझा नाम सांग नी. बस, एटलूज. झगडा खलास."

सगळं मैदान माझ्या तोंडाकडे बघत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणी मैदानात बोलायला सांगत होतं.

जयवंतराव अंपायरच्या खांद्यामागे उभे होते. ओठांनी सांगत होते. वसंत. वसंत. म्हण. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी माझ्यासाठी घामेजलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी हातही जोडले, छातीशी, कुणाला दिसू नयेत असे.

वसंतराव म्हटलं की मॅच आमची. दर रविवारी पॉइंट. वाकडी करंगळी आणि दोन नखं कारणी लागतील. टेबलाशी चिंतोपंत टाक उचलून बसले होते, शाई टपकायची वाट बघत होती. झेल, धैर्यवान. आपण सगळे मरून जाऊ, हे पुस्तक राहील.

मग कुंकू कुणाला लावलं मी?

"लहू," मी म्हणालो. आवाज चिरकला. बोलायची सवय नव्हती. पुन्हा म्हणालो, बंदरावर रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं असा. "लहू धोंडू शिगवण. भोईवाडा. शिवडीच्या बंदरावर कौलं उतरवतो. हा झेल मी घेतला. ते पाच रनसुद्धा माझे."

म्हाताऱ्या पारशानं डोळे मिटले. यादीत हे नाव नव्हतं. ती घडी करून खिशात घातली आणि मान हलवली.

"नॉट आउट," तो म्हणाला.

*

तांबड्या दाढीवाला हसला आणि बॅट टेकवून पुन्हा उभा राहिला. जयवंतराव माझ्यापर्यंत आले. तोंड पांढरं पडलं होतं.

"हरामखोरा," दातांतून म्हणाले. "एक शब्द बोलायचा होता. एक. क्लबाची अब्रू घालवलीस."

"मी कुठल्या क्लबाचा?" मी विचारलं.

"चालता हो."

"होतो. कपडे धुऊन पाठवीन. बूट इथेच घ्या."

मी खाली बसलो. मैदानाच्या मध्ये, पॉइंटला, सगळे थांबले असताना. नाड्या सोडल्या. चिंध्या काढल्या आणि खिशात घातल्या, त्या माझ्या होत्या. बूट शेजारी शेजारी ठेवले, तोंडं बॅटीकडे करून. वकील म्हणाला, "अरे, ते उचल." कुणीच उचलले नाहीत. मी निघालो.

गवत गार लागलं पायांना.

टेबलापाशी चिंतोपंत उभे राहिले. हातात कागदाचा चिटोरा होता, त्यावर मोठी मोठी बाळबोध अक्षरं.

"हे घेऊन जा," ते हळूच म्हणाले. "तुझं नाव लिहिलंय. पूर्ण. खरंच. घरी भिंतीवर काढ."

"पुस्तकात लिहा."

"पुस्तकात कसं लिहू? झेलच धरला नाही त्यांनी. झालंच नाही ते, लहू."

"पाच रन?"

त्यांनी चिटोरा आणखी पुढे केला.

"मग हा कागद नको."

"अरे, मी तुझ्या भल्यासाठी…"

"मास्तर, चार वर्षांपूर्वी बोट ठेवलंत तेही माझ्या भल्यासाठीच. आता ह्यात काय लिहिलंय ते मला काय ठाऊक? साप असेल, वाटी असेल."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. मी पुढे गेलो. सुभद्रेला काय सांगायचं ते ठरवत होतो. एवढंच सांगणार होतो की विचारलं तेव्हा नाव सांगितलं.

मागे गोलंदाज धावल्याचा आवाज आला. मग बॅटीचा, कोरडा. त्यानं कुठे मारला ते मला वळून बघावं लागलं नाही. एवढी वर्षं ऐकलंय, आवाजावरून कळतं.

तिथे दोन बूट होते.